कुऱ्हाड, गवत आणि पाणी

राजवटींचा, लढायांचा आणि तहांचा इतिहास लिहिणे तुलनेने सोपे असते, कारण त्यांची कागदपत्रे कुणीतरी जपून ठेवलेली असतात. गवताची कागदपत्रे नसतात. एखाद्या कुरणावरचे गवत कोणत्या वर्षी विरळ झाले, त्याच्या जागी पहिले झुडूप कधी उगवले आणि झरा कोणत्या उन्हाळ्यात प्रथम आटला, याची नोंद कोणत्याही दप्तरात सापडत नाही. त्यामुळे जमिनीविषयी माणसे जे सांगतात त्यात आठवण आणि समजूत यांची सरमिसळ झालेली असते आणि पुष्कळदा समजूतच इतिहास म्हणून पुढे चालू राहते. अमेरिकेतील टेक्सास राज्याच्या मध्यभागी ‘हिल कंट्री’ नावाचा जो टेकड्यांचा मुलूख आहे, तेथे अशाच एका समजुतीने दीर्घकाळ राज्य केले. कुरणांवर माजलेले एक सदाहरित झाड हेच साऱ्या दुर्दशेचे मूळ. त्याने गवत मारले, त्याने पाणी प्यायले आणि ते तोडून टाकले की जमीन पूर्ववत होईल, अशी ही समजूत होती. थंडी पडू लागली की तेथील पशुपालक कुऱ्हाडी, करवती आणि यंत्रे घेऊन या झाडोऱ्यावर तुटून पडतात. दिसायला साध्या असणाऱ्या या हंगामी कामामागे कोणता इतिहास उभा आहे आणि त्या समजुतीत खरे किती, हे पाहण्याचा येथे प्रयत्न केला आहे.

हिल कंट्री म्हणजे एडवर्ड्स पठाराची पूर्व आणि दक्षिण कड. ऑस्टिन आणि सॅन अँटोनियो या शहरांच्या पश्चिमेस हा प्रदेश सुरू होतो. सारी भूमी चुनखडीची. उतारांवर मातीचा थर इतका पातळ की पुष्कळ ठिकाणी तो वीतभरही भरत नाही. खडकाला असंख्य भेगा आणि पोकळ्या असल्यामुळे मुरलेले पाणी खोल जाते आणि पायथ्याशी झऱ्यांच्या रूपाने पुन्हा वर येते. सॅन अँटोनियोसारखे मोठे शहर पिढ्यान्‌पिढ्या या भूगर्भातील पाण्यावर वाढले. पूर्वेकडच्या भागात पाऊस वर्षाकाठी सुमारे तीस इंच पडतो. पण त्याला नियम नाही. महिनेच्या महिने कोरडे जातात आणि मग एका रात्रीत नद्या काठ सोडतात. २०२५ च्या जुलैमध्ये ग्वादालूपे नदीच्या खोऱ्यात आलेल्या पुराने शंभराहून अधिक माणसांचा बळी घेतला. अशा भूमीवर पडणारे पाणी पळून जाते की मुरते, हा तेथे जगण्यामरण्याचा प्रश्न आहे आणि मातीवर आच्छादन कशाचे आहे यावर त्याचे उत्तर बरेचसे अवलंबून असते.

ज्या झाडाविषयी हा सारा वाद आहे त्याला स्थानिक लोक ‘सीडर’ म्हणतात. हे नाव फसवे आहे. हिमालयातील आपला देवदार हा खरा सीडर. टेक्सासमधले हे झाड जुनिपरच्या वर्गातले असून वनस्पतिशास्त्रात त्याला अ‍ॅश जुनिपर असे नाव आहे. आयुर्वेदात ‘हपुषा’ म्हणून ज्याची फळे वापरली जातात, तो याचा दूरचा भाऊबंद. उंची बेताची, बुंध्यापासूनच फुटणाऱ्या दाट फांद्या, बाराही महिने हिरवेपणा आणि जुन्या झाडांवर लांब पट्ट्यांनी सुटणारी साल, ही त्याची ओळख. त्याचे दोन गुणधर्म येथे ध्यानात ठेवले पाहिजेत. सर्वांत खालच्या हिरव्या फांदीच्याही खाली घाव घातला तर त्याच्या खुंटातून पुन्हा पालवी फुटत नाही. झाड कायमचे मरते. आणि आगीपुढे ते टिकाव धरीत नाही. कोवळ्या रोपांना गवतातून गेलेला एक वणवा पुरतो. शिवाय हे झाड परके नाही. माणसाने गुरे आणण्याच्या कितीतरी आधीपासून ते या भूमीवर आहे. पूर्वी त्याची दाटी मुख्यतः खोल दऱ्यांत आणि खडकाळ उतारांवर असे, कारण तेथे वणवा पोहोचत नसे.

वसाहतवाले येण्यापूर्वी हा सारा प्रदेश कमरेएवढ्या गवताचा अखंड समुद्र होता, असे वर्णन पुष्कळ वेळा केले जाते. ते जसेच्या तसे स्वीकारता येत नाही. जुन्या प्रवाशांच्या लेखनात गवताळ माळ आहेत, तशा सीडरच्या दाट जाळ्याही आहेत. गवत आणि झाड यांच्यामध्ये एक हलती सीमा होती आणि ती आग ठरवीत होती, असे म्हणणे अधिक बरोबर ठरेल. विजेने लागणारे वणवे आणि मूळ रहिवाशांनी शिकारीसाठी किंवा नव्या गवतासाठी लावलेल्या आगी माळावरची रोपे जाळून टाकीत. रानगव्यांसारख्या दिसणाऱ्या बायसनांचे कळप येत, चरून पुढे निघून जात आणि गवताला पुन्हा वाढायला अवधी मिळे. चरणे आणि विसावा, आग आणि पालवी यांचा हा क्रम कुणी कागदावर लिहिलेला नव्हता. पण त्यात जमिनीचे रक्षण होते.

१८४५ आणि १८४६ मध्ये जर्मन स्थलांतरितांनी न्यू ब्राउनफेल्स व फ्रेडरिक्सबर्ग ही गावे वसविली. त्यांचा पुढारी जॉन मॉइझेबाख याने १८४७ मध्ये कोमांची लोकांशी तह केला आणि तो पुष्कळ अंशी पाळला गेला म्हणून इतिहासात त्याचे कौतुक होते. मात्र तहाने जमिनीचा वापर बदलण्यापासून रोखला नाही. अमेरिकेतील यादवी युद्धानंतर टेक्सासची गुरे उत्तरेकडच्या रेल्वेस्थानकांपर्यंत हाकून नेण्याचा धंदा भरभराटीस आला. पुढे राष्ट्राध्यक्ष झालेल्या लिंडन जॉन्सन यांचे आजोबा याच व्यापारात उतरलेले होते. त्यांच्यासारख्यांनी येथले गवत पाहिले आणि ही भूमी सुपीक आहे असा निष्कर्ष काढला. हा निष्कर्ष चुकीचा होता. जॉन्सन यांचे चरित्रकार रॉबर्ट कॅरो यांनी १९८२ च्या पहिल्या खंडात या फसवणुकीची हकीकत विस्ताराने सांगितली आहे. ते गवत शतकानुशतके साचलेल्या थोड्याशा मातीवर उभे होते. ते एकदा खाऊन संपले की तिच्याखाली दुसरा साठा नव्हता. जे व्याज वाटले होते ते मुद्दल होते.

यात भर पडली काटेरी तारेची. जोसेफ ग्लिडन याला तिचे एकस्व १८७४ मध्ये मिळाले आणि त्यानंतर दहा वर्षांच्या आत टेक्सासची मोकळी राने कुंपणांनी विभागली गेली. १८८३ मध्ये कुंपणे तोडणाऱ्या आणि घालणाऱ्यांमध्ये उघड संघर्ष पेटला. १८८४ मध्ये कुंपण तोडणे हा गंभीर गुन्हा ठरविणारा कायदा झाला. कुंपणाच्या बाजूने बोलण्यासारखेही पुष्कळ होते. परंतु कुंपणाने गुरांचे फिरणे थांबविले. पूर्वी कळप पुढे जाई आणि कुरण विसावा घेई; आता तीच गुरे त्याच जमिनीवर वर्षभर राहू लागली. गुरांच्या पाठोपाठ मेंढ्या आणि अंगोरा शेळ्या आल्या. गवत मुळापर्यंत खाल्ले गेले. गवत नाही म्हणून जळण नाही, जळण नाही म्हणून वणवा नाही आणि वणवा नाही म्हणून सीडरची रोपे वाचू लागली. त्यांची निळी फळे खाणारे पक्षी कुंपणाच्या तारांवर बसत आणि बी तेथेच टाकीत. कुंपणाच्या रेषेवर झाडांची रांग उभी राही. जे कुठे उरलेसुरले वणवे लागत ते माणसे तत्परतेने विझवीत. म्हणजे झाडाला दरीतून माळावर येण्यासाठी जी वाट हवी होती, ती माणसानेच मोकळी करून दिली.

यातला उपरोध असा की, ज्या कुंपणांनी सीडरचा प्रसार केला ती कुंपणे उभी होती सीडरच्याच खांबांवर. या झाडाच्या गाभ्याचे लाकूड तांबूस, तेलकट आणि चिवट असते. जमिनीत पुरले तरी ते कित्येक दशके कुजत नाही. तारेची मागणी वाढली तशी खांबांची मागणी वाढली आणि तिच्यातून एक स्वतंत्र कष्टकरी समाज निर्माण झाला. त्यांना ‘सीडर चॉपर’ म्हणत. यांपैकी पुष्कळ कुटुंबे अ‍ॅपलाचियन पर्वतातून आलेल्या गरीब वसाहतवाल्यांच्या वंशातली होती. चांगली सपाट जमीन त्यांच्या वाट्याला आली नव्हती. दऱ्याखोऱ्यांत, पुष्कळदा दुसऱ्याच्या मालकीच्या रानात तंबू किंवा झोपडी उभारून ती राहत. आधी त्यांनी कोळसा पाडला. लाकडाचे ढीग मातीने झाकून आतल्या आत धुमसत ठेवायचे, दिवसरात्र राखण करायची आणि कोळसा गाडीत घालून शहरात न्यायचा, असा तो धंदा होता. सॅन अँटोनियो आणि ऑस्टिनमधल्या चुली आणि इस्त्र्या या कोळशावर पेटत. गॅस आणि वीज आल्यावर तो धंदा बुडाला आणि खांब तोडणे हेच मुख्य काम उरले.

मजुरी खांबाप्रमाणे मिळे. खांब किती सरळ, किती जाड आणि त्यात गाभा किती, यावर त्याचा भाव ठरे. बाप घाव घाली, मुले फांद्या छाटीत, बायका खांब ओढून गाडीपाशी आणीत. रस्त्याच्या कडेला खांबांच्या वखारी असत; तेथे माल उतरवून रोख पैसे घ्यायचे, असा व्यवहार होता. पशुपालकाचे रान साफ होई आणि त्याला त्याबद्दल फारसा खर्च येत नसे. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या वर्षांत या धंद्याला तेजी आली होती. पुढे पोलादी खांब आले आणि १९६० च्या दशकापर्यंत ती ओसरली. शहरातले लोक या माणसांना अडाणी आणि भांडखोर म्हणून हिणवीत. अर्थशास्त्राचे प्राध्यापक असलेल्या केन रॉबर्ट्स यांनी त्यांच्या वंशजांच्या मुलाखती घेऊन २०१८ मध्ये त्यांच्यावर पुस्तक लिहिले, तेव्हा कुठे त्यांची बाजू नीट नोंदली गेली. ऑस्टिनच्या पश्चिमेस बुल क्रीकच्या ज्या दऱ्यांत त्यांच्या झोपड्या होत्या, तेथे पुढे लक्षाधीशांची घरे उभी राहिली. हिल कंट्रीचे कुरण आपल्या हातांनी ज्यांनी सर्वांत अधिक मोकळे केले, त्यांपैकी बहुतेकांच्या नावावर त्यातला एकरही नव्हता, ही गोष्ट इतिहासकाराने विसरू नये.

१९५० ते १९५७ या वर्षांत टेक्सासने आपल्या लिखित स्मृतीतला सर्वांत भीषण दुष्काळ अनुभवला. गुरांना घालायला चारा उरला नाही तेव्हा पशुपालक निवडुंगाचे काटे ज्योतीने जाळून तो त्यांच्यापुढे टाकीत. एल्मर केल्टन यांच्या १९७३ च्या कादंबरीचा विषय हाच दुष्काळ आहे. गवत करपले, पण सीडर हिरवाच राहिला आणि त्यामुळे तोच पाणी पितो हा संशय पक्का झाला. याच काळात महायुद्धात घडलेली यंत्रविद्या शेतावर उतरली. दोन ट्रॅक्टरांमध्ये जहाजाच्या नांगराची अवजड साखळी ओढायची आणि तिच्या वाटेतले प्रत्येक झाड उपटून काढायचे, अशी पद्धत रूढ झाली. चॉपरला जे काम करायला हिवाळा लागे ते यंत्र आठवड्यात उरकू लागले. परंतु चॉपर निवडून तोडीत असे. साखळीला निवड माहीत नव्हती. ओक वृक्ष, कोवळी झुडपे आणि माती धरून ठेवणारा पाचोळा, सारेच तिच्याखाली गेले. त्यानंतर गवत पेरले नाही आणि गुरे कमी केली नाहीत, तर काही वर्षांत त्या जागी पुन्हा सीडर उगवे किंवा उघडा खडक उरे. शेळ्या सीडरची कोवळी रोपे खात, हा एक अंकुश होता. तोही पुढे सैल झाला. मोहेर लोकरीला १९५४ च्या कायद्याने मिळणारे सरकारी अनुदान १९९३ मध्ये बंद करण्याचे ठरले, शेळ्यांचे कळप घटले आणि सीडरला आणखी वाव मिळाला.

हे काम थंडीत का करायचे, याची कारणे एका पिढीत ठरलेली नाहीत. पहिले कारण शरीराचे. टेक्सासच्या उन्हाळ्यात दिवसभर कुऱ्हाड किंवा करवत चालविणे जिवावरचे काम असते आणि झाडोऱ्यात लपणारे खुळखुळ्या साप थंडीत सुस्तावलेले असतात. दुसरे कारण आगीचे. तोडलेल्या फांद्यांचे ढीग जाळायचे तर सभोवतालची जमीन ओली हवी आणि वारा शांत हवा. गवत राखण्यासाठी हेतुपुरस्सर लावायचा नियंत्रित वणवाही पुष्कळदा जानेवारी-फेब्रुवारीत लावतात, कारण त्या वेळी गवताची पाती वाळलेली असतात पण मुळे जमिनीखाली झोपलेली असतात. तिसरे कारण ओक वृक्षांचे. त्यांना होणारा एक बुरशीजन्य मर रोग बारीक भुंगेऱ्यांमार्फत ताज्या जखमांतून शिरतो. फेब्रुवारीपासून जूनपर्यंतचा काळ त्या दृष्टीने धोक्याचा, म्हणून सीडर तोडताना ओकला चुकून घाव बसण्याचा संभव असेल तर ते काम त्याआधी संपविणे शहाणपणाचे. चौथे कारण पैशाचे. नोव्हेंबरपासून जानेवारीच्या आरंभापर्यंत हरणांच्या शिकारीचा हंगाम असतो आणि शिकाऱ्यांकडून येणारे भाडे हा अनेक मालकांचा मोठा आधार असल्यामुळे यंत्रांचा गोंगाट त्या दिवसांत परवडत नाही. या सर्वांतून जो अरुंद काळ उरतो त्यात झाडही आपला प्रतिकार करते. डिसेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत नर झाडे परागाने लदलेली असतात; घाव बसताच पिवळा धूर उठावा तसे पराग उडतात आणि ‘सीडरचा ताप’ म्हणून ओळखली जाणारी सर्दी व डोळ्यांची आग सबंध शहरांना सोसावी लागते.

या पंचांगात १९९० मध्ये एका पक्ष्याने नवी तिथी घातली. त्याच्या इंग्रजी नावाचा अर्थ ‘सोनेरी गालांचा वटवट्या’. हिवाळा तो दक्षिण मेक्सिको आणि मध्य अमेरिकेत काढतो आणि मार्चच्या सुरुवातीस वीण घालण्यासाठी टेक्सासच्या मध्यभागी येतो. जगाच्या पाठीवर दुसरीकडे कुठेही तो घरटे करीत नाही. घरट्यासाठी त्याला सीडरच्या सालीच्या लांब पट्ट्या लागतात. त्या कोळ्याच्या जाळ्याने विणून तो वाटी तयार करतो आणि अशी सुटणारी साल फक्त जुन्या झाडांनाच असते. १९९० मध्ये या पक्ष्याचा समावेश संकटग्रस्त जातींच्या केंद्रीय यादीत झाला. तेव्हापासून त्याच्या अधिवासात मार्च ते ऑगस्ट या काळात तोड टाळावी हा दंडक आला आणि जुन्या दाट रानात तर कोणत्याही ऋतूत हात घालण्यापूर्वी विचार करावा लागू लागला. पशुपालकांचा संताप समजण्यासारखा होता. ज्या झाडाला तीन पिढ्या शत्रू मानले त्याचेच रक्षण करा, असे सरकार सांगत होते आणि तेही जेथे बहुतांश जमीन खाजगी मालकीची आहे अशा राज्यात. १९९४ मध्ये विस्तृत प्रदेश संरक्षित अधिवास म्हणून घोषित होणार या शक्यतेने हजारो लोक रस्त्यावर आले आणि केंद्र सरकारने तो विचार सोडून दिला. तथापि या वादाने एक गोष्ट साधली. सगळा सीडर एकच नाही, दरीतला शंभर वर्षांचा वृक्ष आणि माळावरचे दहा वर्षांचे झुडूप यांत भेद केला पाहिजे, हे प्रथमच सार्वजनिक चर्चेत आले.

याच्या उलट, देशाने या कामाचे जे चित्र पाहिले त्यात असा कोणताही भेद नव्हता. रोनाल्ड रेगन कॅलिफोर्नियातील आपल्या रानात आणि जॉर्ज डब्ल्यू. बुश मध्य टेक्सासमधील क्रॉफर्ड येथील आपल्या जमिनीवर झुडपे तोडीत असल्याची छायाचित्रे जगभर छापली गेली. बुश यांच्या सुट्ट्या बहुधा ऑगस्टमध्ये येत, त्यामुळे त्यांचे काम रणरणत्या उन्हात चाले. दोघांनाही ते काम मनापासून आवडत होते, याविषयी शंका घेण्याचे कारण नाही. पण कष्टाळू, स्वावलंबी अमेरिकन पुरुषाचे प्रतीक म्हणून त्या चित्राकडे पाहिले गेले आणि कुऱ्हाडीनंतर काय करायचे, हा प्रश्न चित्राच्या चौकटीबाहेर राहिला.

तो प्रश्न ज्यांनी विचारला त्यांत डेव्हिड बॅम्बर्गर यांचे नाव अग्रक्रमाने घ्यावे लागते. तळलेल्या कोंबडीच्या उपाहारगृहांच्या व्यवसायात पैसा मिळविलेल्या या गृहस्थांनी १९६९ मध्ये ब्लँको परगण्यात जॉन्सन सिटीजवळ जमीन घेतली. ती पुढे साडेपाच हजार एकरांपर्यंत वाढली. त्यांनी मुद्दाम त्या भागातले अत्यंत खराब झालेले रान निवडले होते. लुई ब्रॉमफिल्ड यांचे ‘प्लेझंट व्हॅली’ हे शेतीविषयक पुस्तक आईने तरुणपणी हाती दिले होते, त्याचा हा परिणाम. जमिनीला त्यांनी ‘सेला’ हे नाव दिले. बायबलमधल्या स्तोत्रांत येणाऱ्या या शब्दाचा अर्थ ‘थांबा आणि चिंतन करा’ असा करतात. आरंभी पाण्यासाठी सात विहिरी पाचशे फुटांपर्यंत खणल्या. एकीलाही पाणी लागले नाही. मग त्यांनी माळावरचा सीडर काढला, पण तीव्र उतारांवरचा आणि दऱ्यांतला ठेवला. तोडलेल्या फांद्या माती अडविण्यासाठी उतारांवर आडव्या टाकल्या. मोकळ्या झालेल्या जागी स्थानिक गवतांचे बी पेरले आणि गुरांची संख्या जमिनीला झेपेल इतकीच राखली. दोन-तीन वर्षांनी टेकडीच्या कुशीतून पहिला पाझर फुटला. पुढे झरे वाहू लागले आणि तळी भरली. ही हकीकत टेक्सासभर सांगितली गेली. मात्र सांगताना तिचा अर्धाच भाग पुष्कळांच्या ध्यानात राहिला. सीडर तोडला आणि पाणी आले, एवढेच लोकांनी ऐकले.

या अर्धवट ऐकण्याची किंमत सार्वजनिक पैशाने चुकती झाली. झुडपे काढून पाणी वाढवावे या हेतूने टेक्सासच्या विधिमंडळाने १९८५ मध्ये कायदा केला होता आणि १९९० च्या दशकाच्या अखेरीस सॅन अँजेलोजवळच्या उत्तर कोंचो नदीच्या खोऱ्यात मोठ्या प्रमाणावर तोड झाली. नदीला अपेक्षेएवढे पाणी आले नाही. टेक्सास ए अँड एम विद्यापीठातील ब्रॅडफर्ड विल्कॉक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नद्यांच्या प्रवाहाच्या जुन्या नोंदी तपासल्या तेव्हा एक अनपेक्षित गोष्ट पुढे आली. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधानुसार एडवर्ड्स पठारावरच्या मोठ्या नद्यांना झऱ्यांतून मिळणारे पाणी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कमी झालेले नव्हते. ते वाढले होते आणि ही वाढ झाडोरा वाढत असतानाच झाली होती. त्यांचे स्पष्टीकरण असे की, शतकाच्या पूर्वार्धात अतिचराईने माती इतकी घट्ट आणि उघडी झाली होती की पाऊस मुरतच नव्हता. पुढे गुरे-मेंढ्यांची संख्या उतरली, जमिनीवर काही ना काही आच्छादन आले आणि पाणी पुन्हा खाली जाऊ लागले.

याचा अर्थ सीडर निर्दोष आहे असा नव्हे. त्याची दाट, सदाहरित पाने पावसाच्या हलक्या सरी जवळजवळ संपूर्णपणे अडवून हवेत परत पाठवितात, दाट जाळीखाली गवत उगवत नाही आणि एखाद्या लहान झऱ्याच्या माथ्यावरची दाटी काढल्यास त्या झऱ्याला फायदा होऊ शकतो. पण पाणी मुरवते ती माती आणि माती धरते ते गवत. झाड तोडणे ही त्या कामाची पूर्वतयारी फार तर म्हणता येईल. बॅम्बर्गर यांचा अनुभव आणि विल्कॉक्स यांचे संशोधन यांत वरवर विरोध दिसतो, तो या कसोटीवर मिटतो. एकाने झाडे काढून, पण गवत लावून व चराई आवरून पाणी मिळविले. दुसऱ्याने दाखविले की चराई आवरली गेली तेथे झाडे असतानाही पाणी वाढले. दोहोंत समान असलेली गोष्ट एकच आहे, आणि ती कुऱ्हाड नव्हे.

हा इतिहास आपल्याला अगदीच परका नाही. टेक्सासच्या कुरणांवर सीडरखेरीज मेस्कीट नावाचे जे काटेरी झाड माजले आहे, ते आणि आपल्याकडची वेडी बाभूळ ही एकाच वनस्पतिवर्गातली. वेडी बाभूळ मूळची अमेरिकेची. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ती हिंदुस्थानात आणली गेली. कच्छमधील बन्नीच्या विस्तीर्ण गवताळ प्रदेशावर १९६१ मध्ये वनखात्याने ती लावली. खाऱ्या रणाचे आक्रमण थोपवावे हा त्यामागचा हेतू. गुरांनी शेंगा खाल्ल्या, बी शेणातून पसरले आणि गुजरातीत जिला ‘गांडो बावळ’ म्हणतात ती मालधारींच्या चराऊ भूमीवर पसरत गेली. आपल्या म्हशींसाठी प्रसिद्ध असलेल्या या समाजातल्या अनेकांना पुढे त्याच झाडाचा कोळसा पाडून पोट भरावे लागले. सीडर चॉपरांची आठवण येथे झाल्यावाचून राहत नाही. तपशील वेगळे आहेत. टेक्सासमधले झाड तेथलेच होते, बन्नीतले लावलेले आहे. सीडर खुंटातून फुटत नाही, वेडी बाभूळ मुळासकट काढली नाही तर पुन्हा जोमाने फुटते. पण दोन्हीकडे विचारायचा प्रश्न सारखाच आहे. झुडूप कसे काढावे हे विचारण्याआधी ते येथे कोणत्या निर्णयामुळे आले आणि काढल्यावर त्या जागी काय उभे राहणार, हे विचारले पाहिजे.

ज्या पशुपालकांनी हा प्रश्न मनावर घेतला त्यांच्या हिवाळ्याचे स्वरूप बदलले आहे. ते आधी रानातून नुसते हिंडतात आणि कोणती झाडे ठेवायची त्यांवर खुणा करतात. दरीतली जुनी झाडे पक्ष्यासाठी राहतात, तीव्र उतारावरची मातीसाठी राहतात, ओकच्या सावलीतली काही हरणांसाठी राहतात. माळावरची पोरकी दाटी तेवढी निघते. फांद्या जागच्या जागी उतारावर पसरतात आणि मार्च लागण्यापूर्वी त्यांच्या आडोशाला गवताचे बी टाकले जाते. त्यानंतर त्या भागात काही काळ गुरे सोडायची नाहीत, हा कामाचा सर्वांत अवघड भाग असतो, कारण त्यात दाखविण्यासारखे काही नसते आणि त्या अवधीत उत्पन्न बुडते. एकोणिसाव्या शतकात जे मुद्दल उधळले गेले, त्याची परतफेड ही अशी हप्त्याहप्त्याने चालू आहे. पाऊस पडल्यावर ओढ्याचे पाणी गढूळ येते की स्वच्छ, एवढ्यावरून ती किती झाली हे तेथली माणसे ओळखतात.